मजकूर आणि हुकूम : शेल स्क्रिप्टमधील विशेष चिन्हांविषयी प्रस्तावना

गोव्यातील आणि वसईच्या किनारपट्टीवरील डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा इत्यादी घराण्यांतील पुष्कळ मंडळी आपले आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरापुढे, ओळीच्या वरच्या अंगास, एक बारीकसे चिन्ह देतात. कागदावर त्या चिन्हाने कोणाचे काही बिघडत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, शाळेच्या दाखल्यावर, जमिनीच्या दस्तऐवजात ते निर्वेधपणे नांदत आले आहे. परंतु हेच आडनाव युनिक्स वा लिनक्स प्रणालीवरील एखाद्या शेल स्क्रिप्टच्या हाती आले, आणि त्या स्क्रिप्टच्या लेखकाने ते दुसऱ्या एखाद्या कमांडच्या मजकुरात जसेच्या तसे गुंफून दिले, तर शेलच्या लेखी ते चिन्ह आडनावाचा अवयव राहत नाही, अवतरणाचा आरंभ ठरते. आणि मग त्या अवतरणाचा शेवट शोधीत शेल पुढचा सारा मजकूर पालथा घालते, शेवट न सापडल्यास चूक दाखवून थांबते, आणि दुर्दैवाने सापडलाच तर मधल्या भागाचा भलताच अर्थ लावून काम पुढे रेटते. अशा वेळी अनेक ठिकाणी जो उपाय योजिला जातो तो असा, की अर्जदाराचे नाव अवैध असल्याचे त्याला कळवावे आणि ते चिन्ह गाळून नाव पुन्हा लिहावयास सांगावे. माणसाचे नाव ही यंत्राच्या सोयीसाठी छाटण्याची वस्तू नव्हे, अशी माझी पक्की धारणा आहे, आणि प्रस्तुत पुस्तक लिहिण्यामागील एक प्रबळ प्रेरणा तीच होय.

दुसरी प्रेरणा सुरक्षिततेची. शेल स्क्रिप्टमध्ये बाहेरून येणारा मजकूर, मग तो वापरकर्त्याने टंकलेला असो, फायलीच्या नावातून आलेला असो किंवा जाळ्यावरून दूरस्थ यंत्राने पाठविलेला असो, निर्धोकपणे कसा हाताळावा याविषयी जी शिकवण सर्रास दिली जाते तिचा गाभा असा, की काही चिन्हे घातक असतात, त्यांची यादी करावी, आणि ती दिसतील तेथे गाळावीत किंवा त्यांच्यापुढे बॅकस्लॅश द्यावा. ही शिकवण मला मुळातच सदोष वाटते. कोणतेही चिन्ह स्वभावतः घातक नसते. मजकूर म्हणून आलेली अक्षरे पुन्हा एकवार हुकूम म्हणून वाचली जातात, तेव्हा आणि तेवढ्यापुरतेच ते घातक होते. म्हणून चिन्हांच्या मागे धावण्यापेक्षा, आपला मजकूर किती वेळा, कोणाकडून आणि कोणत्या भूमिकेत वाचला जाणार आहे याचा हिशेब ठेवणे हेच स्क्रिप्टकाराचे खरे काम आहे, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे. पुढील प्रकरणांत जे तांत्रिक तपशील येतात ते सर्व या एका विधानाच्या विस्तारासाठी.

हा प्रश्न मुळात उद्भवला का, हे समजण्यासाठी शेलच्या पूर्वेतिहासाकडे थोडे वळले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सीटीएसएस या प्रणालीसाठी लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९६३-६४ च्या सुमारास रनकॉम नावाची सोय निर्माण केली, जिच्या योगे फायलीत लिहून ठेवलेल्या कमांड क्रमाने चालविता येऊ लागल्या. 'शेल' हे नावही पूझाँ यांनीच दिलेले. पुढे न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ पासून केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी युनिक्स घडविले, आणि १९७१ च्या पहिल्या आवृत्तीबरोबर थॉम्प्सन यांचे शेल प्रचारात आले. त्या आद्य शेलात तारांकनाचा अर्थ लावून त्याच्या जागी फायलींची नावे ठेवण्याचे काम ग्लॉब नावाच्या स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपविलेले होते. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचे शेल प्रसृत झाले आणि शेलला प्रोग्रामिंगच्या भाषेची पूर्ण योग्यता आली; त्याच परंपरेतून ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश १९८९ मध्ये बाहेर पडले, आणि आज बहुसंख्य लिनक्स यंत्रांवर मनुष्याचे पहिले स्वागत तेच करते.

या सर्व वंशावळीत एक गृहीत समान आहे, आणि आपल्या विषयाचे मूळ तेथेच आहे. शेल हे टेलिटाइपसमोर बसून मोजक्या अक्षरांत काम उरकू पाहणाऱ्या जाणकारासाठी रचलेले होते. इतर प्रोग्रामिंग भाषांत मजकुराला अवतरणात बसवावे लागते आणि भाषेचे स्वतःचे शब्द उघडे असतात. शेलमध्ये मात्र फायलीचे नाव, कमांडचे नाव, पर्याय, सर्वच उघडे असतात, कारण दर शब्दाला दोन अवतरणचिन्हे ठोकणे कोणालाही परवडले नसते. साहजिकच व्याकरणाचा सारा भार विरामचिन्हांवर पडला: रिकामी जागा शब्द तोडू लागली, सेमिकोलन आज्ञा संपवू लागला, उभी रेघ एका कमांडचे निष्पन्न दुसरीच्या हवाली करू लागली, डॉलर मूल्य मागू लागला. हुकूम देणारा आणि मजकूर पुरविणारा इसम एकच होता तोवर यात काही वावगे नव्हते, कारण आपल्याच फायली आपणच पुसण्याचा अधिकार त्याला होताच. संकट उभे राहिले ते हे दोन इसम निराळे झाल्यावर. स्क्रिप्ट एकाने लिहावी, तिला अधिकार तिच्या मालकाचे असावेत, आणि मजकूर मात्र कोणा तिऱ्हाइताने पुरवावा, ही स्थिती मूळ रचनाकारांच्या नित्याच्या व्यवहारात क्वचितच येत असेल. वेबच्या युगात तीच नित्याची झाली.

शेल एखादी ओळ कशी वाचते हे येथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण वर्षानुवर्षे स्क्रिप्ट लिहिणाऱ्या अनेकांच्या मनातही या क्रमाचे चित्र स्पष्ट नसते. प्रथम शेल ओळीतील शब्द आणि व्याकरणाची चिन्हे वेगळी करते. सेमिकोलन, पाइप, अँपरसँड, पुनर्निर्देशनाचे बाण यांची दखल याच टप्प्यावर घेतली जाते आणि पुन्हा घेतली जात नाही. त्यानंतर व्हेरिएबलच्या जागी त्याचे मूल्य ठेवले जाते, कमांड सब्स्टिट्यूशन आणि अंकगणित उरकले जाते. मग, जी मूल्ये डबल कोटच्या बाहेर आली असतील त्यांचे रिकामी जागा, टॅब आणि न्यूलाइन यांवर तुकडे पाडले जातात. या विभाजक चिन्हांची यादी आयएफएस नावाच्या व्हेरिएबलमध्ये असते. त्या तुकड्यांत तारांकन, प्रश्नचिन्ह वा चौकटी कंस आढळल्यास त्यांच्याशी जुळणाऱ्या फायलींची नावे त्या जागी येतात. सरतेशेवटी ओळीत मुळात लिहिलेली अवतरणचिन्हे काढून टाकली जातात आणि तयार झालेली शब्दांची माला कमांडच्या स्वाधीन होते.

या क्रमातून निघणारा पहिला निष्कर्ष ऐकणाऱ्याला बहुधा अनपेक्षित वाटतो: व्हेरिएबलच्या मूल्यात आलेला सेमिकोलन नवी आज्ञा सुरू करीत नाही. व्याकरणाचे वाचन त्यापूर्वीच संपलेले असते. मूल्यातील सेमिकोलन, पाइप, बॅकटिक किंवा अवतरणचिन्ह ही त्या क्षणी केवळ अक्षरे असतात. म्हणजे ज्या चिन्हांची आपण अधिक धास्ती घेतो ती एकदाच वाचल्या जाणाऱ्या ओळीत निरुपद्रवी असतात, आणि ज्यांच्याकडे आपण दुर्लक्ष करतो ती रिकामी जागा आणि ते तारांकन मात्र त्याच ओळीत अनर्थ घडवू शकतात.

त्या अनर्थाची उदाहरणे जगजाहीर आहेत. २००१ च्या नोव्हेंबरात ॲपल कंपनीने मॅक ओएस टेन या प्रणालीसाठी आयट्यून्सची २.० ही आवृत्ती दिली. तिच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये जुनी प्रत काढून टाकणारी आज्ञा होती आणि तीतील मार्गनामाभोवती अवतरणचिन्हे नव्हती. ज्यांच्या डिस्कच्या विभागांच्या नावांत रिकामी जागा होती अशा काही लोकांच्या बाबतीत एका मार्गनामाचे दोन तुकडे झाले, आणि पुसण्याची आज्ञा भलत्याच विभागावर चालून त्यांचा संग्रह नाहीसा झाला. कंपनीने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन २.०.१ दिली. दोन अवतरणचिन्हे, एवढाच काय तो फरक. २०१५ च्या जानेवारीत स्टीम या खेळांच्या प्रोग्रामच्या लिनक्स आवृत्तीत उघडकीस आलेला दोष याहून सूक्ष्म होता: तेथे अवतरणचिन्हे व्यवस्थित होती, परंतु फोल्डरचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल विशिष्ट परिस्थितीत रिकामे राहत होते, आणि पत्त्यापुढे लिहिलेली तिरकी रेघ व तारांकन यांचा अर्थ अशा वेळी यंत्राचे मूळ फोल्डर आणि त्यातील सर्व काही असा होत होता. रिकामे मूल्य हेही एक विशेष चिन्हच मानावे, असे या प्रसंगावरून मला वाटू लागले. सेट -यू हा पर्याय न नेमलेले व्हेरिएबल पकडतो, पण नेमलेले आणि रिकामे असलेले पकडीत नाही. त्यासाठी महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहिण्याची जी सोय आहे, जी दोन्ही प्रसंगी स्क्रिप्ट जागीच थांबविते, ती पुसण्याच्या प्रत्येक आज्ञेत असावी.

आता दुसऱ्या वाचनाकडे वळू, कारण विषयाचे मर्म तेथे आहे. सेमिकोलन आणि डॉलर यांना मेलेल्या मूल्यातून जिवंत करण्याचे मार्ग शेलमध्ये अनेक आहेत आणि त्यांपैकी इव्हॅल हा केवळ सर्वांत प्रसिद्ध. इव्हॅल आपली आर्ग्युमेंट जोडून ती ओळ पुन्हा प्रारंभापासून वाचते, हे तिच्या व्याख्येतच असल्यामुळे तिच्याविषयी लेखक निदान सावध तरी असतो. एसएच -सी या प्रकारात मात्र सावधगिरी सुटते: स्क्रिप्टकार आपली आज्ञा आणि वापरकर्त्याचा मजकूर एकाच अवतरणात सांधून नव्या शेलला देतो, आणि नवे शेल अर्थातच सारे काही हुकूम म्हणून वाचते. वस्तुतः आज्ञेचा मजकूर सिंगल कोटमध्ये स्थिर ठेवून वापरकर्त्याचा मजकूर पुढील आर्ग्युमेंट म्हणून वेगळा देण्याची सोय तेथेच आहे, आणि ती वापरली की प्रश्न उरतच नाही. एसएसएचची गोष्ट आणखी फसवी. दूरच्या यंत्रावर कमांड पाठविताना ती सर्व आर्ग्युमेंट रिकाम्या जागेने जोडून एक ओळ करते आणि ती ओळ तेथील शेलच्या हवाली करते. म्हणजे येथे आपण कितीही काटेकोरपणे शब्द वेगळे ठेवले तरी तेथे ते पुन्हा वाचले जातातच. अशा प्रसंगी मजकूर कमांडच्या ओळीतून न धाडता स्टँडर्ड इनपुटमधून धाडावा, हा मार्ग मला सर्वांत निर्मळ वाटतो. आणि दोन्हीकडे बॅश असल्याची खातरजमा असेल तर प्रिंटएफच्या टक्का-क्यू या रूपाने, किंवा बॅश ४.४ पासून मिळालेल्या तत्सम सोयीने, मजकूर आगाऊ अवतरणबद्ध करून पाठवावा. एक्सआर्ग्ज ही कमांडही सामान्य स्थितीत आपल्याकडे येणाऱ्या मजकुरातील अवतरणचिन्हांचा अर्थ लावते, आणि आरंभी उल्लेखिलेल्या आडनावाची फाईल तिच्यापुढे आली की न जुळलेल्या अवतरणाची तक्रार करून मोकळी होते.

परंतु या सर्वांहून गूढ असा एक मार्ग आहे, आणि तो पुष्कळ निष्णात लोकांनाही ठाऊक नसतो. बॅशमध्ये एखाद्या व्हेरिएबलचे मूल्य अंकगणिती संदर्भात आले, उदाहरणार्थ दुहेरी चौकटी कंसांतील -ईक्यू या तुलनेत, तर बॅश त्या मूल्याकडे केवळ अंक म्हणून पाहत नाही, अंकगणिती पदावली म्हणून पाहते. त्यात ॲरेचे नाव असेल तर त्याच्या कंसातील भाग सोडविते, आणि त्या भागात कमांड सब्स्टिट्यूशन लिहिलेले असेल तर ती कमांड चालविते. वय विचारणाऱ्या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून परक्या माणसाचा हुकूम अशा रीतीने आत शिरू शकतो, आणि येथे डबल कोट काहीही संरक्षण देत नाहीत. मूल्यात अंकांखेरीज काही नाही हे केस विधानाने आधी तपासावे, मगच ते अंकगणिताला द्यावे. आणि तपासल्यावरही ऑगस्टचा ०८ आणि सप्टेंबरचा ०९ ही मूल्ये आरंभीच्या शून्यामुळे अष्टमान पद्धतीची समजली जाऊन चूक निघते, याचे भान ठेवावे.

चिन्हांची यादी करून ती गाळण्याची रीत किती ठिसूळ असते याचा निर्णायक दाखला १९९६ सालचा आहे. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरबरोबर, आणि पुढे अपाचीबरोबरही, नमुन्यादाखल पीएचएफ नावाचा एक प्रोग्राम मिळत असे. वेबवरील फॉर्ममध्ये भरलेल्या नावावरून दूरध्वनीच्या नोंदी शोधून देणे हे त्याचे काम. त्यात घातक चिन्हांपुढे बॅकस्लॅश घालणारे एक फंक्शन होते, आणि त्याच्या यादीत सेमिकोलन, पाइप, डॉलर, बॅकटिक असे सारे परिचित गुन्हेगार हजर होते. नव्हते ते फक्त न्यूलाइन. शेलच्या व्याकरणात न्यूलाइन आज्ञा संपविते, सेमिकोलनइतकीच निश्चितपणे; तेव्हा नावाच्या मजकुरात एक न्यूलाइन आणि पुढे हवी ती कमांड घालून कोणीही तिऱ्हाईत त्या यंत्राची परवलीच्या शब्दांची फाईल मागवू शकत होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सर्ट या संस्थेने याविषयी जाहीर इशारा दिला. या प्रसंगातून अनेकांनी घेतलेला धडा असा, की यादीत न्यूलाइन घालावी. माझ्या मते तो धडा अपुरा होता; ज्या नावाला शेलच्या वाचनातून जाण्याचे कारणच नव्हते, ते नाव शेलकडे ओळीत गुंफून पाठविले गेले, हा खरा दोष. यादी कितीही वाढविली तरी तिचा कर्ता शेलचे व्याकरण समग्र जाणत असेल, आणि ते व्याकरण कधी बदलणार नाही, या दोन गृहीतांवरच ती उभी असते.

शेलचे व्याकरण स्वतःच चुकले तर काय होते, हे २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दिसले. बॅश आपल्या एन्व्हायर्नमेंटमधील व्हेरिएबलांतून फंक्शनच्या व्याख्या वारशाने घेत असे, आणि त्यासाठी सुरू होतानाच त्यांचे मूल्य वाचीत असे. परंतु व्याख्या संपल्यावर ते वाचन थांबत नव्हते, आणि तिच्या पुढे जोडलेला मजकूर हुकूम म्हणून अमलात येत होता. स्तेफान शाझेलास यांनी शोधलेला हा दोष त्या महिन्याच्या २४ तारखेला जाहीर झाला आणि शेलशॉक या नावाने गाजला. बॅशच्या १९८९ सालच्या आवृत्तीपासून तो तसाच राहिलेला होता. वेब सर्व्हर ब्राउझरने पाठविलेला मजकूर एन्व्हायर्नमेंटमधून प्रोग्रामला देत असल्यामुळे, एक अक्षरही शेलमध्ये न लिहिलेले प्रोग्रामसुद्धा, त्यांच्या मागे कोठेतरी बॅश सुरू होत असेल तर, उघडे पडले. मराठेशाहीच्या दफ्तरात पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' यांसारख्या अक्षरांचे मोर्तब उठविले जाई, ते एवढ्यासाठी की त्या ठिकाणापुढे कोणी एक अक्षर वाढविले तरी ते पत्राचा भाग मानले जाऊ नये; बॅशच्या त्या वाचनाला असे मोर्तब नव्हते. युनिक्सच्या गाभ्यात मात्र ते आहे. एका प्रोग्रामने दुसऱ्याला दिलेले प्रत्येक आर्ग्युमेंट शून्य मूल्याच्या बाइटने संपते, तो बाइट मजकुराच्या आत येऊच शकत नाही, आणि म्हणून प्रोग्राम थेट चालविला, मध्ये शेल येऊ दिले नाही, तर मजकुराची सीमा कोणालाही ओलांडता येत नाही. बेल लॅब्जमध्येच प्लॅन ९ या प्रणालीसाठी टॉम डफ यांनी लिहिलेल्या आरसी या शेलात मजकूर एकदा वाचल्यावर पुन्हा वाचायचा नाही आणि मूल्ये शब्दांच्या याद्या म्हणूनच सांभाळायची असे धोरण बुद्धिपुरस्सर स्वीकारलेले होते. ते शेल सार्वत्रिक झाले असते तर या पुस्तकाची निम्मी पाने लिहावी लागली नसती.

रोजच्या व्यवहारातील नियम या विवेचनातून आपोआप निघतात आणि त्यांचा तपशील पुढील प्रकरणांत आहेच. येथे काहींचा केवळ उच्चार करतो. वापरकर्त्याचे उत्तर घेताना रीड या कमांडला -आर हा पर्याय द्यावा, अन्यथा ती मजकुरातील बॅकस्लॅश स्वतःच खाऊन टाकते, आणि आयएफएस त्या एका आज्ञेपुरते रिकामे ठेवावे, म्हणजे आरंभीच्या व अखेरच्या रिकाम्या जागा शाबूत राहतात. मजकूर छापण्यासाठी एको वापरू नये, कारण त्याचे वर्तन शेलागणिक बदलते. प्रिंटएफ वापरावी, आणि तिच्या साच्याच्या जागी वापरकर्त्याचा मजकूर कदापि ठेवू नये. फायलीचे नाव आडव्या रेघेने सुरू होऊ शकते आणि कमांड त्याला पर्याय समजू शकते, म्हणून नावांच्या आधी दोन आडव्या रेघा द्याव्यात किंवा नावाला बिंदू व तिरकी रेघ जोडावी. हा धोका शेलचा नसून कमांडच्या स्वतःच्या वाचनाचा आहे, आणि अवतरणचिन्हांनी तो टळत नाही. फायलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढे दोनच वगळता कोणताही बाइट, न्यूलाइनसुद्धा, येऊ शकतो. म्हणून फाइंडच्या याद्या ओळीओळीने वाचणे चूक आहे आणि त्या शून्य बाइटने विभागून घेणे योग्य आहे. ही सोय बरीच वर्षे ग्नू आणि बीएसडी यांच्यापुरती होती. २०२४ च्या पॉझिक्स प्रमाणकाने तिला अधिकृत स्थान दिले. आणि ग्रेप, सेड, ऑक, एसक्यूएल यांतील प्रत्येकाची स्वतःची भाषा आणि स्वतःची विशेष चिन्हे असतात: सेडच्या बदली मजकुरातील अँपरसँड किंवा ग्रेपच्या साच्यातील बिंदू हे शेलला साधे असले तरी त्यांना साधे नसतात.

मराठीभाषक वाचकासाठी एका प्रकरणात देवनागरीचा स्वतंत्र विचार केला आहे. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका भोजनालयात यूटीएफ-८ या संकेतप्रणालीचा आराखडा केला, तेव्हा त्यांनी एक अट कसोशीने पाळली: बहुबाइटी अक्षरातील कोणताही बाइट आस्कीच्या कक्षेत येता कामा नये. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि हलन्ताला तीन बाइट लागतात, आणि त्यांपैकी एकही बाइट शेलच्या सेमिकोलनशी वा बॅकस्लॅशशी मिळताजुळता नसतो. जपानी भाषेच्या शिफ्ट-जेआयएस या जुन्या संकेतात काही अक्षरांचा दुसरा बाइट बॅकस्लॅशचाच असे आणि त्याने अनेक प्रोग्राम फसत. म्हणजे शेलच्या अंगाने आपली लिपी निर्धोक आहे. जोखीम निराळ्या ठिकाणी आहे. वऱ्हाड या शब्दातील रफार-सदृश आडवा र दोन प्रकारांनी लिहिता येतो: एकदा नुक्तायुक्त ऱ आणि हलन्त यांनी, एकदा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा अदृश्य जोडवर्ण यांनी. पडद्यावर दोन्ही शब्द एकच दिसतात. बाइट निराळे असतात. आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करीत नाही. त्यामुळे एकाच नावाच्या भासणाऱ्या दोन फायली एकाच फोल्डरात सुखाने नांदतात, आणि एकीची शोधाशोध करणाऱ्याला दुसरी सापडत नाही. याचा बंदोबस्त चिन्हे गाळून होत नाही, तुलनेपूर्वी दोन्ही रूपे एका ठरलेल्या रूपात आणून होतो. आणि फक्त लहान-मोठी रोमन अक्षरे व अंक चालतील अशी चाळणी लावणारा लेखक सुरक्षिततेच्या नावाखाली आपल्या भाषेतील यच्चयावत नावे नाकारीत असतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. अशी चाळणी प्रोग्रामने स्वतः दिलेल्या खातेक्रमांकांना किंवा सांकेतिक नावांना लावावी, तेथे ती अत्यंत उपयुक्त आहे. माणसांच्या नावांना लावू नये. नियंत्रक चिन्हे तेवढी नाकारावीत, कारण टर्मिनलवर मजकूर दाखविताना तीच पडद्याला आज्ञा देऊ लागतात.

शेल कोठे सोडून द्यावे हेही सांगितले पाहिजे. फायली हलविणे, प्रोग्राम एकमेकांस जोडणे, यंत्र सुरू होताना करावयाची कामे, यांत शेलला तोड नाही आणि त्यावर माझे मनापासून प्रेम आहे. परंतु जेथे अनोळखी माणसांचा मजकूर सतत येत असतो, त्याचे पृथक्करण करावे लागते, आणि स्क्रिप्टला मोठे अधिकार असतात, तेथे पायथॉनसारखी भाषा घेऊन बाहेरचे प्रोग्राम शब्दांच्या यादीने थेट चालवावेत. मात्र त्या भाषांतही शेलमार्फत कमांड चालविण्याची पळवाट असते आणि ती घेतली की आपण पुन्हा १९९६ सालात येऊन पोहोचतो. शेलमध्येच लिहावयाचे ठरल्यास शेलचेक हा विडार होलेन यांचा तपासनीस प्रोग्राम हाताशी असावा. अवतरणाबाहेर राहिलेले व्हेरिएबल तो न थकता दाखवून देतो, जरी अंकगणिताच्या मार्गाने किंवा एसएसएचच्या पलीकडे होणारे दुसरे वाचन ओळखण्याचे काम लेखकालाच करावे लागते.

पुस्तकातील उदाहरणे बॅश आणि पॉझिक्स शेल या दोन्हींवर चालतील अशी बेतली आहेत. जेथे फरक पडतो तेथे तसा शेरा आहे. झेड-शेल वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की ते अवतरणाबाहेरील व्हेरिएबलचे तुकडे आपणहून पाडीत नाही, म्हणून तेथे बिनचूक चाललेली स्क्रिप्ट बॅशमध्ये तशीच चालेल असे मानू नये. वाचनाला आरंभ करण्यापूर्वी वाचकाने एक रिकामे फोल्डर करून त्यात काही फायली मुद्दाम निर्माण कराव्यात: एकीच्या नावात दोन सलग रिकाम्या जागा असाव्यात, एकीचे नाव आडव्या रेघेने सुरू व्हावे, एकीचे केवळ तारांकन असावे, एकीच्या मधोमध न्यूलाइन असावी, एकीवर डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत त्या चिन्हासह असावे, एकीत डॉलर व कंसात लिहिलेली तारखेची कमांड असावी, आणि दोन फायलींवर वऱ्हाड हे नाव दोन निरनिराळ्या रूपांनी असावे. पुढील प्रत्येक स्क्रिप्ट प्रथम या फोल्डरावर चालवून पाहावी, आणि सर्वच्या सर्व फायली आपापल्या नावांनिशी, एकही अक्षर न गमावता, पलीकडे पोहोचल्याखेरीज ती दुसरीकडे वापरू नये.